शिरकेवाल्यांचा धाकटा

थोरला गेल्याचा निरोप आला तेव्हा धाकटा शेडमध्ये रस गाळत होता. निरोप घेऊन आली ती वहिनीच. ओढणी कशीबशी डोक्यावर घेतलेली, पायांत चपला नाहीत. दारातच थांबून ती म्हणाली, "भावजी, हे उठत नाहीयेत."

धाकट्यानं मान वर केली. गाळायच्या फडक्याची दोन टोकं भिंतीतल्या खिळ्यांना बांधलेली होती, दोन त्याच्या हातांत होती. मधे द्राक्षांचा चोथा, खाली पातेलं.

"हात लावून पाहिलंत?"

"गार पडलेत."

त्यानं मान हलवली आणि फडकं पिळायला घेतलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत पिळलं. चोथा टोपलीत झटकला, पातेल्यातला रस पिंपात ओतला, पिंपाच्या तोंडावर स्वच्छ फडकं बांधलं, हात धुतले, एप्रन खुंटीला लावला आणि मग तो तिच्यामागून निघाला. तेवढा वेळ वहिनी दारात उभीच होती. तिनं "चला" म्हटलं नाही, त्यानं "आलो" म्हटलं नाही.

पुढे ही गोष्ट गल्लीत पसरली. सख्खा भाऊ गेला आणि हा चोथा पिळत बसला, माणूस म्हणायचा की धोंडा, असं लोक बोलले. धाकट्याच्या कानावर ते आलं. लोकांचं चुकतंय असं काही त्याला वाटलं नाही.

धाकटा म्हणजे कुणी पोर नव्हे. पन्नाशी ओलांडलेली, मिशी पांढरी, जिना चढताना गुडघे कुरकुरणारे. पण शिरकेवाल्यांना दोन मुलगे, एक थोरला आणि एक धाकटा, आणि गल्लीचं कामच नावं ठेवण्याचं. तिनं एकदा ठेवली ती ठेवली. केस पिकले तरी धाकटा तो धाकटाच राहिला. लग्न झालं नाही. मुलगी पाहायला गेलं की त्याच्याआधी शिरक्याचा वास घरात शिरायचा, असं थोरला सगळ्यांना हसवत सांगायचा. शेडच्या वर एक खोली होती, तिथे धाकटा राहायचा. अंगणापलीकडच्या दोन खोल्यांत थोरला आणि वहिनी. त्यांना मूलबाळ नव्हतं.

शेड वडिलांची. त्यांचा शिरका, म्हणजे द्राक्षांचं व्हिनेगर, दूरदूरच्या दुकानांत जायचा. द्राक्षं चेचायची, रस गाळायचा, लाकडी पिंपांत भरायचा आणि वाट पाहायची. काही दिवसांत रस न पेटवताच उकळू लागतो, बुडबुडे काढतो, फेस वर येतो, मग एक दिवस गप्प होतो. गप्प झाला की समजायचं, आता तो रस राहिला नाही आणि शिरकाही झाला नाही. ती असते दारू. तिला वारा लागू दिला, धीर धरला, की वर पातळ साय धरते आणि हळूहळू तिचा शिरका होतो. पहिलं हलाल, शेवटचं हलाल, मधलं हराम.

अब्बांना त्या मधल्या मुक्कामाची फार धास्ती. म्हणून ताज्या रसात ते जुना आंबट शिरका विरजणासारखा घालायचे, म्हणजे रस मधे रेंगाळत नाही. तरीही थोडे दिवस जायचेच. तेवढे दिवस ती पिंपं शेडच्या मधल्या रांगेत राहायची, तोंडावर फडकं, फडक्यावर सुतळी, सुतळीला अब्बांची स्वतःची गाठ. त्या रांगेला कुणी हात लावायचा नाही. बाहेरचे लोक थट्टा करायचे, "शिरकेवाले, मधल्या रांगेतली एखादी बाटली आम्हालाही!" अब्बा म्हणायचे, "ती प्रवासात आहे. वाटेतल्याला हाक मारू नये."

द्राक्षं चेचताना ते दोघा मुलांना नेहमी एकच गोष्ट सांगायचे. मदिना शहरात एका घरात माणसं पीत बसली होती. एक तरुण पेले भरून देत होता. तेवढ्यात गल्लीतून दवंडी आली, आजपासून दारू हराम. घरधन्यानं विचारलं नाही की का, कुणी म्हटलं नाही की हातातला एवढा पेला तरी संपवू. म्हणाला, ऊठ, ओतून टाक. घराघरांतून मडकी बाहेर आली, फुटली, आणि शहराच्या गल्ल्या दारूनं वाहिल्या. "हुकूम आला आणि हात थांबला," अब्बा म्हणायचे, "याला म्हणतात माणूस." धाकटा ऐकताना चेचायचा थांबायचा. थोरला चेचतच राहायचा आणि मधेच म्हणायचा, "अब्बा, त्या दिवशी त्या शहरातल्या बकऱ्यांची चंगळ झाली असेल."

असा होता थोरला. तोंडात शीळ, खिशात कंगवा, नाक असं तेज की पिंपाजवळून नुसता गेला तरी सांगायचा, अजून आठवडा लागेल. ओळखीपाळखीचा गोतावळा मोठा. धाकटा त्याच्या मागेमागे असायचा, आणि त्याच्या विनोदांवर सगळ्यांत आधी हसायचा.

मधल्या रांगेची गाठ एक दिवस वेगळी दिसली. अब्बांची गाठ डावीकडे वळायची, ही उजवीकडे वळली होती. अब्बांनी रांग फिरून पाहिली. मग शेडचं मोठं दार उघडलं आणि दोघा मुलांना म्हणाले, "धरा." एकेक पिंप दोघांनी मिळून दारापर्यंत लोटत न्यायचं आणि अब्बांनी लाथेनं कलंडायचं. भर दुपार होती. सगळी रांग गल्लीत रिकामी झाली. थोरल्यानं एकाच पिंपातून घेतली होती, तो तसं म्हणालाही, पण अब्बांनी काही ऐकल्याचं दाखवलं नाही. गटार लालसर फेसानं भरून वाहिलं. शेजारच्या कोंबड्यांनी त्यात चोची बुडवल्या आणि दुपारभर गल्लीत तिरक्या चालल्या. एक तर भिंतीला धडकून खाली बसली. लोक पोट धरून हसले. थोरलाही हसला.

अब्बांनी त्याच्याकडे पाहिलं. "तू हसलास," एवढंच ते म्हणाले.

त्यानंतर थोरला शेडमध्ये कामाला आला नाही. अब्बांनी काढलं नव्हतं, पण तो आलाच नाही. पेट्रोल पंपावर लागला, आणि मनासारखं प्यायला लागला. अब्बांनी मरेपर्यंत त्याच्याशी बोलणं सोडलं नाही. जेव, झोप, छत्री घेऊन जा, एवढं बोलायचे. त्या विषयावर मात्र पुन्हा अक्षर काढलं नाही. ते गेल्यावर शेड धाकट्याकडे आली आणि शेडबरोबर थोरलाही.

पहिल्यांदा थोरल्याला रस्त्यावरून उचलून आणलं तेव्हा धाकटा वाटभर रडला होता. नंतर नंतर चिडायला लागला. हात जोडून झाले, शपथा घालून झाल्या, एकदा त्यानं वडीलभावाच्या कानाखालीही वाजवली, आणि मग स्वतःच अंगणात जाऊन ओकला. पंपावरची नोकरी गेली, दुसरी लागली, तीही गेली. वहिनी शिवण करून घर चालवायची. माणसं म्हणायची, रोज मरे त्याला कोण रडे. आणि कधीतरी, नक्की कधी ते धाकट्यालाही कळलं नाही, त्याच्या आतलं सगळं थांबलं. मांडी घालून फार वेळ बसलं की पायाला मुंग्या येतात, मग मुंग्याही जातात, आणि पाय आपला वाटत नाही, तसं झालं. थोरल्याला उचलायचं, तोंड धुवायचं, कुशीवर झोपवायचं, उशाशी पाणी ठेवायचं. पिंपं धुतात तसंच हेही, हातांनी करायचं. वहिनीला "जेवलात का" विचारायचं आणि वर खोलीत जायचं.

मशिदीत नवे मौलवी आले ते वयानं धाकट्याहून बरेच लहान होते. शिरका घ्यायला शेडवर आले, पैगंबरसाहेबांना शिरका आवडायचा असं म्हणाले, आणि अंगणातल्या बाकावर टेकले. तिथे थोरला ऊन खात बसला होता. सकाळची वेळ, म्हणजे शुद्धीत होता. मौलवींनी काही म्हणण्याआधीच त्यानं हात वर केला.

"मौलवीसाहेब, मला सांगू नका. दवंडी आली, मडकी फुटली, गल्ल्या वाहिल्या. लहानपणापासून पाठ आहे. ती माणसं तसली होती, मी असला आहे. मला नाही जमत एका दमात."

"एका दमात कुणाला जमलं होतं?" मौलवी म्हणाले.

थोरल्यानं मान वळवली. धाकटा तोटीखाली बाटली धरून उभा होता, तोही ऐकू लागला.

मौलवींनी सांगितलं ते असं. त्या लोकांना दारू म्हणजे पाण्यासारखी. त्यांनी स्वतःच विचारलं, हिचं काय करायचं? तर आधी नुसतं उत्तर आलं, की तिच्यात पाप मोठं आहे, माणसांना थोडा लाभही आहे, पण लाभापेक्षा पाप मोठं. बंदी नाही, नुसतं माप पुढे ठेवलं. काहींनी सोडली, पुष्कळांनी नाही सोडली. मग एकदा कुणी पिऊन नमाजीला पुढे उभा राहिला आणि शब्दांचा घोळ करून बसला. तेव्हा हुकूम आला, की आपण काय बोलतोय हे कळत नसेल तर नमाजीजवळ येऊ नका. "आता बघा, दिवसात पाच नमाज. प्यायची कधी आणि उतरायची कधी? रात्रीच्या नमाजीनंतरच काय ती सवड. म्हणजे दिवस सुटला. मग एका मेजवानीत पिऊन भांडण झालं, एकानं दुसऱ्याला उंटाचं हाड फेकून मारलं, रक्त निघालं. तेव्हा शेवटचा हुकूम आला, आणि त्यातही शेवटी विचारलंय, आता तरी थांबणार ना? ते म्हणाले, थांबलो. मडकी फुटली ती त्या दिवशी. पण त्याच्या आधी वर्षं गेली होती, भाई."

थोरला बाकावर पुढे वाकला. मग हसायला लागला. पूर्वीसारखं, खांदे हलवत. "ऐकलंस धाकट्या? अब्बांनी आपल्याला नुसता शेवटच सांगितला!"

मौलवींचा चेहरा जरा गंभीर झाला. "पण एक लक्षात घ्या. त्या पायऱ्या त्यांच्यासाठी होत्या. आता हुकूम पुरा झालाय. मी तुम्हाला सूट देत नाहीये."

"सूट कुणाला हवीय हो," थोरला म्हणाला. "जिना हवा होता."

त्या आठवड्यापासून त्यानं सुरुवात केली. आधी फक्त दुपारची नमाज. तिच्यासाठी सकाळ कोरडी ठेवायची. त्याचे हात असे थरथरायचे की वजू करताना, नमाजीआधी हात-तोंड धुताना, निम्मं पाणी बाहेर. मग दुपारनंतरची नमाज धरली. ती फार जड गेली, कारण तिन्हीसांजेकडे पाय आपोआप गुत्त्याकडे वळायचे. दोनदा तो अर्ध्या वाटेवरून तिकडेच गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. शेवटी त्यानंच तोड काढली. दुपार टळली की शेडमध्ये येऊन बसायचं आणि संध्याकाळच्या नमाजीपर्यंत उठायचं नाही. इतक्या वर्षांनी तो शेडच्या आत आला. मधल्या रांगेकडे पाठ करून बसायचा आणि बाटल्यांना लेबलं चिकटवायचा. सगळी वाकडी. दुकानदार म्हणायचे, "यंदाचा शिरका पिऊन आलेला दिसतोय."

संध्याकाळही सुटली, मग रात्रीची आणि पहाटेची नमाजही त्यानं धरली. वहिनी भांडी घासताना गुणगुणू लागली. तिनं खिडकीला नवे पडदे शिवले. गल्लीतले लोक थोरल्याला पुन्हा थांबवून बोलू लागले. धाकटा हे सगळं पाहत होता. आनंद व्हायला हवा हे त्याला कळत होतं, पण ते कळण्याच्या पुढे काही सरकत नव्हतं. दुधानं तोंड पोळलेला ताक फुंकून पितो म्हणतात. धाकटा ताकाकडे हातच नेत नव्हता. बघू, एवढंच तो मनात म्हणायचा. महिने गेले तरी बघूच म्हणत होता.

आता फक्त रात्रीच्या नमाजीनंतरचं उरलं होतं. एक दिवस लेबलं लावताना थोरला म्हणाला, "वरची एकच पायरी राहिली रे. पण तीच जरा उंच आहे."

धाकटा म्हणाला, "बाटली नीट धर. वाकडं लागतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी अनवाणी शेडच्या दारात आली.

खोलीत थोरला कुशीवर होता, एक हात गालाखाली. धाकट्यानं त्याच्या कपाळाला हात लावला. मग मोरीकडे नजर गेली. तिथे एक पेला धुऊन पालथा घातलेला होता, अजून ओला. म्हणजे वहिनीनं आधी पेला धुतला होता, मग निरोप सांगायला आली होती. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. डॉक्टर आले, हृदय बंद पडलं म्हणाले.

अंघोळ घालताना धाकट्याकडे पाणी ओतायचं काम होतं. त्यानं ओतलं. उजवी बाजू आधी, मग डावी, सांगतील तसं. आयुष्यभर हेच अंग त्यानं उचललं होतं, ते किती हलकं झालंय एवढंच त्याला जाणवलं. बाहेर चुलतकाका मौलवींना बाजूला घेऊन सांगत होते, "माणूस कसा होता सगळ्यांना ठाऊक आहे. फार गाजावाजा नको. चार माणसांत उरकून घेऊ. तुम्ही स्वतः नाही उभे राहिलात तरी चालेल."

"का?" मौलवी म्हणाले.

"लोक बोलतील."

"लोक दिवसातून पाच वेळा त्याला माझ्या मागे उभा पाहत होते, तेव्हा बोलले नाहीत. आज मी त्याच्यासाठी उभा राहणार."

काकांनी धाकट्याकडे पाहिलं, म्हणजे तू तरी काही बोल. धाकट्याच्या हातात रिकामा तांब्या होता. तो म्हणाला, "पाणी संपलं. अजून आणू का?"

नमाज झाली, गर्दीही बरीच झाली. माती दिली. धाकट्यानं तीन मुठी टाकल्या आणि हात झटकला. घरी आल्यावर जिन्यात त्याला आठवलं की सकाळच्या रसात विरजणाचा शिरका घालायचा राहिलाय. तो खाली गेला आणि घालून आला.

काही दिवसांनी वहिनीनं मौलवींना बोलावणं धाडलं. तिचे शोकाचे महिने चालू होते, म्हणून ती आतल्या खोलीत पडद्यामागे बसली, मौलवी बाहेरच्या खोलीत खुर्चीवर, आणि धाकटा मधे उंबऱ्याशी. तिचा आवाज पडद्यातून स्पष्ट येत होता, तरी ती म्हणाली, "भावजी, त्यांना विचारा. तो शेवटचा हुकूम यायच्या आधी जी माणसं मेली, त्यांचं काय झालं?"

धाकट्यानं मौलवींकडे पाहून सांगितलं, "त्या विचारतायत की आधी जे मेले त्यांचं काय झालं."

मौलवी थोडे पुढे सरकले. "हाच प्रश्न तेव्हाही लोकांनी विचारला होता, ताई. मडकी फुटली त्याच दिवशी विचारला. आमचे भाऊ लढाईत गेले, त्यांच्या पोटात तर दारू होती, त्यांचं कसं? तेव्हा उत्तर आलं, की ज्यांनी श्रद्धा ठेवली, चांगलं वागले, त्यांनी आधी जे खाल्लं-प्यायलं त्याचा त्यांच्यावर दोष नाही."

पडद्यामागून ती म्हणाली, "मग यांच्यावर?"

हे धाकट्यानं पुन्हा सांगितलं नाही. मौलवींनी ऐकलं होतं.

"ते हुकूम येण्याआधी गेले," मौलवी हळू म्हणाले. "तुमचे धनी नंतरचे. मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही."

"हुकूम शेकडो वर्षांपूर्वी आला, ते मलाही ठाऊक आहे," वहिनी म्हणाली. आवाज चढला नव्हता. शिवणाचं माप सांगावं तसा सरळ होता. "पण माझ्या घरात तो आता येत होता. एकेक पायरी चढत. मी रोज ऐकत होते त्याची चाहूल. दाराशी आला होता, मौलवीसाहेब. हे दार उघडायच्या आधी गेले. मग हे आधीचे की नंतरचे?"

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. मौलवींनी टोपी काढली, पुन्हा घातली. "ताई, याचं उत्तर माझ्या पुस्तकांत नाही," ते म्हणाले. "निकाल देणारा मी कोण? पण मागायला कुणी अडवलेलं नाही. तुम्ही मागा त्यांच्यासाठी. मी मागतोच आहे." आणि मग, जरा वेळानं, "जिना मी दाखवला होता. माझीही झोप गेलीय."

"भावजी," वहिनी म्हणाली, "तुम्हाला काही विचारायचंय?"

धाकट्यानं विचार केला. खरंच केला. काहीतरी असायला हवं होतं. पण मनात आलं ते एवढंच, की मौलवींना चहा द्यायचा राहिला. "नाही," तो म्हणाला, आणि चहा टाकायला उठला.

त्या हंगामाचा शिरका तयार होत आला तेव्हा नवीच अडचण उभी राहिली. पळीनं थेंब जिभेवर घ्यायचा आणि ठरवायचं, मधला की पलीकडचा, हे काम धाकटा वर्षानुवर्षं करत आला होता. आता थेंब जिभेवर यायचा, घसा थोडा जळायचा, आणि बस. नाकाशी पळी धरली तर पळीच्या लाकडाचाही वास येईना. त्याला वाटलं सर्दी असेल. सर्दी नव्हती. अंदाजानं त्यानं एक पिंप भरायला काढलं, बाटल्या दुकानांत गेल्या, आणि एक जुने गिऱ्हाईक बाटली घेऊन परत आले. वयस्क गृहस्थ, अब्बांच्या वेळचे. बाटली बाकावर ठेवून म्हणाले, "बेटा, हा अजून पोचला नाहीये. तुझ्या वडिलांच्या शेडमधून असं कधी बाहेर पडलं नव्हतं." धाकट्यानं माफी मागितली, सगळ्या बाटल्या परत आणल्या. पिंपात पुन्हा ओतल्या आणि पिंपापुढे स्टूल घेऊन बसून राहिला.

वहिनीचे महिने तोवर संपले होते. ती अंगणात कपडे वाळत घालत होती. त्याला तसा बसलेला पाहून आत आली.

"काय झालं?"

"कळत नाही मला. पोचला की नाही ते."

तिनं पळी घेतली, पिंपात बुडवली, नाकाशी नेली. चाखली नाही. लगेच पळी खाली ठेवली.

"अजून मधेच आहे," ती म्हणाली. "यांच्या उशीला असाच वास यायचा. मला झोपेतसुद्धा कळेल."

आणि ती पुढच्या पिंपाकडे गेली. त्याच्याकडे, मग त्याच्या पुढच्या. "हे झालंय. हे नाही. हे चार-सहा दिवसांत होईल." धाकटा खडूनं खुणा करत तिच्यामागे फिरला. शेवटच्या पिंपाशी ती थांबली, ओढणीच्या टोकानं नाक पुसलं. पुसलं की डोळे, ते धाकट्याला नीट दिसलं नाही. मग म्हणाली, "उद्यापासून सकाळी येत जाईन. शिवणाची मशीन इथेच आणून ठेवा, तिकडे एकटीला घर खातं."

मशीन शेडच्या खिडकीपाशी आली. लोक याबद्दलही बोलले. विधवा भावजय आणि बिनलग्नाचा दीर, बोलणाऱ्याला आणखी काय हवं. चुलतकाका समजवायला आले. वहिनीनं त्यांना दोन बाटल्या शिरका दिला आणि म्हणाली, "यांच्या कबरीवर जाऊन या आधी, मग सांगा." काका पुन्हा आले नाहीत. दोघंही दिवसभर कामात असायची. बोलणं फार नव्हतं. मशीनची खडखड, तोटीची धार. जेवणाच्या वेळी ती डबा उघडायची, तो जेवायचा. चव विचारली की बरी आहे म्हणायचा, कारण वाईट असती तरी त्याला कळली नसती.

पुढच्या हंगामाआधी दोन पिंपांचे लोखंडी पट्टे गंजून गेले म्हणून धाकटा शहराच्या दुसऱ्या टोकाला लोहाराच्या दुकानी गेला. तिकडे वर्षा-दोन वर्षांतून एकदा जाणं व्हायचं. पूर्वी थोरला सोबत असायचा आणि लोहाराला हसवून हसवून भाव पाडायचा. लोहार भट्टीपाशी होता. मापं घेतली, पट्टे वाकवून दिले, आणि घाम पुसत विचारलं, "भाऊ कसे आहेत? बऱ्याच दिवसांत शीळ ऐकली नाही."

"बरे आहेत," धाकटा म्हणाला.

पट्टे खांद्याला अडकवून तो निघाला. चौक ओलांडला. औषधाचं दुकान, चपलांचं दुकान, बसथांबा. बसथांब्यावर तो उभा राहिला आणि बस आली, दार उघडलं, कंडक्टर म्हणाला, "चढताय का?" धाकटा चढला नाही. बस गेली. खांद्यावरचे पट्टे त्याला एकदम जड लागायला लागले, आणि ते कुठे टोचतायत तेही कळायला लागलं.

तो वळला आणि आला त्या वाटेनं परत गेला. लोहार दुसऱ्या कुणाचा पत्रा ठोकत होता.

"काय, माप चुकलं?"

"नाही." धाकट्यानं पट्टे जमिनीवर ठेवले. "मघाशी चुकीचं सांगितलं मी. दादा गेला."

लोहाराचा हातोडा हातातच राहिला. "अरेरे. कधी?"

धाकट्यानं तोंड उघडलं. कधी ते त्याला पक्कं माहीत होतं, पण शब्द यायला वेळ लागला. गेल्यापासून हे त्यानं स्वतःच्या तोंडानं कुणालाच सांगितलं नव्हतं. सगळ्यांना आधीच माहीत होतं.

"मागच्या हंगामात," तो म्हणाला. "मी रस गाळत होतो."

लोहारानं हातोडा ठेवला, पायानं स्टूल पुढे सरकवलं, आणि पाणी आणायला आत गेला. धाकटा स्टुलावर बसला. भट्टीचा धूर त्याच्याच बाजूला येत होता, तरी तो तिथून हलला नाही.